त्या शंभरात आपली

१४ नोव्हेंबर २०२५

ईश्वरीच्या पप्पाला, दैवशालाकडून.

सातवीला बाई पत्र लिवायला लावायच्या. वर गावाचं नाव, खाली तारीख, मंग आमी इकडं खुशाल आहोत. खुशाल लिवावं का न्हाई ते ठरंना म्हून तेवढं सोडलंय.

फोन तुमी उचलीत न्हाईत. उचलला तर राधाकिशन भाऊजीच्या हातात देता, आन ते बिचारे मनत्यात वैनी रेंज न्हाई. रेंज न्हाई तर त्यांचं बोलणं मला कसं ऐकू येतंय, ते मी इचारत न्हाई. म्हून कागदावर लिवायलेय. आशा वर्कर त्रिवेणीताई ह्याचा फोटू काढून भाऊजीच्या ज्ञानेश्वरीच्या फोनावर टाकणार हायत. ज्ञानेश्वरी, तू वाचू नको. वाचलंस तर हसू नको, आन भाऊजीला तर सांगूच नको. ह्यांच्या भाकरीच्या येळंला फोन पुढं धर. ताटावरून ते उठत न्हाईत.

ईश्वरी बरी हाय. दूध पिते, झोपते. आता मुठीत माझा पदर धरून ठिवायली. सोडवायला गेलं की रडते.

तुमी ऊसतोडीला गेलात त्या दिवशी ट्रक मारुतीपाशी उभा व्हता. तुमी पेटी चढवली, कोयते चढवले, आत्याबाईच्या पाया पडलात. ईश्वरी माझ्या खांद्याशी व्हती. ती तुमच्याकडं बगून हात हलवायलती, तुमी दोरी आवळीत बसलात. ती दोरी आधीच आवळलेली व्हती. माझ्यावर राग हाय तर माझ्यावर ठिवा. तिनं काय केलंय? ज्ञानेश्वरीचा पोरगा सामानाच्या ढिगावर बसून टाळ्या वाजवायलता, आन मला वाटलं चढावं का वर. पाय उचलला बी व्हता. मंग ठिपका ध्यानात आला.

तुमी जाताना मनलात, "तू सांगितलंस म्हून लाल झालं."

त्यावर मी लय इचार करायलेय. ठिपका आला त्या दिवशी त्रिवेणीताई हमेशासारख्या आल्या. फोनात बगून इचारायल्या. माझं वय, ईश्वरीचं जन्मतानाचं वजन, पाणी हापशाचं का हिरीचं, ऊसतोडीला जाणार का. हे सगळ्यांनाच इचारत्यात. मंग मनल्या, आधीची लेकरं किती आन त्यातली हयात किती. आत्याबाई चुलीपाशी व्हत्या, त्या खोकल्या. धूर न्हवता. मला कळलं त्या काऊन खोकल्या. पण माझ्या तोंडातून निघून गेलं. दोन झाली मनले, एक हयात हाय.

ताईनी माझ्याकडं बगितलं आन फोनाला बोट लावलं. जरा येळ त्यातलं ते गोल फिरलं आन ईश्वरीच्या नावापुढं लाल ठिपका आला. ताई मनल्या, घाबरू नको, हे हिशोबानं येतंय. हिच्यासारखी शंभर लेकरं असली तर त्यातली अकरा पयलं वरीस पुरं करीत न्हाईत. हिला फडावर नेऊ नको, थंडीचं तर नकोच.

पयलीचं बोलायचं न्हाई असं आपलं ठरल्तं. गावात पोट पडलं असंच सांगितल्तं. आठ दिस ती होती हे तुमाला ठावं, मला ठावं, आन आत्याबाईला. त्या दिसांचं मी तुमच्याजवळ बी कवा काढलं न्हाई. मंग त्या फोनाजवळ काऊन काढलं, मला बी सांगता येईना. कुणी इचारलंच न्हवतं ना तोवर.

तुमी मनता तसं असंल बी. सांगितलं नसतं तर पिवळा आला असता, आन आपण तिघं तिकडं असतो. मी तुमच्या कोयत्याला जोडीनं असते. मला इथं राहायची हौस न्हवती हो.

ठिपका लाल हाय म्हून ताई आता दर आठवड्याला येत्यात. फोन उचला.

दैवशाला


३ डिसेंबर

ज्ञानेश्वरीच्या फोनावर निळ्या रेघा दिसल्या असं ताई मनल्या. म्हंजे वाचलंय. कुणी वाचलं ते काई त्या रेघात कळत न्हाई.

आपल्या आळीत आता कुलपंच दिसत्यात. मुंजाजी मामाचं घर उघडं हाय, पण मामाला ऐकू येत न्हाई. शेळ्या मात्र ओरडत्यात कुणीतरी असल्यावानी. दिवसभर मी ईश्वरीसंगं बोलते आन आत्याबाई त्यांच्या कोंबड्यांसंगं. संध्याकाळी दोघींचं बोलून झालेलं असतंय, मंग गप जेवतो.

आत्याबाई मनत्यात, त्या फोनाला आंग तरी हाय का, त्याला काय कळतंय लेकराचं. त्यांनी ईश्वरीच्या पायात काळा दोरा बांधलाय. त्रिवेणीताई येत्यात तवा त्यांच्या कपाळाचं भस्म बगून आत्याबाई जरा नरमतात, चहा टाकत्यात. त्या गेल्या की मनत्यात, बाई चांगली हाय, फोन वंगाळ हाय.

मला एक सांगायचंय. हसू नका. ती शंभर कोण हायत ते मी हुडकायलेय.

ताई मनल्या ना, हिच्यासारखी शंभर. म्हंजे कुटंतरी असतील की. आपल्या गावात तेवढी लेकरंच न्हाईत. लसीच्या दिवशी अंगणवाडीत मी ताईच्या मागं उभी राहते. त्या एकेकाचं नाव काढत्यात, मी मान लांब करून ठिपका बगते. हिरवी लय हायत. पिवळी बी हायत. लाल आपल्या गावात ईश्वरी आन वरल्या आळीचं एक जुळं. चुडाव्याहून एक बाई माहेरी आलती, तिचं बी लाल निघालं. मी तिच्याजवळ जाऊन बसले. पोराचं नाव इचारलं, दूध पितंय का इचारलं, खोकला हाय का इचारलं. खोकला हाय मनली. तिचं लेकरू मी मांडीवर घेतलं आन मनात मोजलं, हे चौथं.

अशी शंभर पुरी व्हायला किती गावं लागत असतील? पूर्णा तालुका पुरतो का सेलूपातुर जावं लागतंय? ताईला इचारायला जीभ रेटंना. त्या मनतील ही बाई येडी झाली.

पण आकडा असा हाय तर मंग अकरा कोण ते बी ठरलेलंच असणार. ठिपका ज्यानं काढला त्याला ठावं असंल. त्या अकरात ईश्वरी येऊ नये म्हून कुणाच्या पाया पडावं? फोनाच्या पाया कसं पडावं?

तुमी असता तर मनला असता, गप झोप. मला तेवढंच ऐकायचंय.

ज्ञानेश्वरी, तुझ्या पोराचा हिरवा हाय, शंभरात दोन. म्हंजे त्याची शंभर निराळी असतील. पण थंडीत कोपीत खाली उसाचं पाचट लय टाक. आन कालव्याचं पाणी उकळून पाज. उकळते मनून नुसतं मान हलवू नको.

दैवशाला


२० डिसेंबर

हा कागद मी त्रिवेणीताईला देणार न्हाई. पिठाच्या डब्याखाली ठिवणार हाय. तरी तुमालाच लिवायलेय, दुसरं कुणाला लिवू?

आज ताडकळसच्या बाजाराला गेल्ते, ईश्वरीला कानटोपी घ्यायला. थंडी लय पडायलीय. टोप्या घेऊन बसलेल्या बाईपाशी दोघीजणी बोलायल्या. पलीकडच्या वाडीतलं लेकरू गेलं मनल्या, चार दिस झाले. एकजण मनली, आशाबाईनं आधीच लाल सांगितल्तं.

मी टोपी हातात धरून उभी राहिले. आन तुमाला खरं सांगते, मला हलकं वाटलं. डोस्क्यावरचा भारा कुणी खाली उतरवून घ्यावा तसं. मनात आलं, एक झालं. आता धाच राहिले.

टोपी घेतली, लाल नको म्हून निळी घेतली. मंग मला भूक लागली. तुमी गेल्यापासून मला भूक अशी लागलीच न्हवती. भज्याच्या गाड्यापाशी जाऊन पुडी घेतली आन उभ्या उभ्या खाल्ली. मिरची बी खाल्ली. ईश्वरीच्या कानावर टोपी घातली, तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. गाडेवाला मनला, बाई पोरगी गुणाची हाय, रडत न्हाई. मी हसले.

यायला ॲपेत बसले. समोर माझ्याच वयाची एक पोरगी, शेजारी तिचा भाऊ, मांडीवर पिशवी. पदर छातीशी गच्च आवळून बसल्ती. गाडी खड्ड्यात उसळली तशी ईश्वरी रडायली. आन त्या पोरीच्या पदरावर वल उमटायली. तिनं पिशवी छातीशी धरली. भाऊ बाहेर बगायला.

ती वल मला वळखू आली. माझं बी तसंच झाल्तं ना तिकडं. पयली गेल्यावर बी दूध थांबंना, फडावर कुणाचं बी लेकरू रडलं की चोळी भिजायची. तुमी जुनं धोतर फाडून पट्ट्या दिल्त्या बांधायला, आन त्या तुमीच धुवायचात, मला दिसू नये म्हून कालव्यावर जाऊन.

ती पोरगी मनली, "किती म्हैन्याची हाय?"

मी सांगितलं न्हाई. ईश्वरीच्या तोंडावरून पदर वढून घेतला आन तोंड फिरवलं. तिची नजर लागंल मनून. जिचं गेलं तिच्यापासूनच मी माझं झाकलं. मी पदर काऊन वढला ते तिला बरुबर कळलं. तिनं पिशवी आणखी आवळली. फाट्यावर उतरून गेली, भाऊ पुढं आन ती मागं.

भजे पोटात तसेच हायत. वाकून बसले तरी उतरनात.

मी अशी न्हवते हो. तुमी मला वळखता. तुमीच सांगा मी अशी न्हवते.


२७ डिसेंबर

ईश्वरीला ताप हाय. श्वास जोरात चाललाय, बरगड्या आत वढायल्यात. त्रिवेणीताईनी गाडी बोलावलीय, परभणीला नेणार हायत. ज्ञानेश्वरी, हे ह्यांना आत्ताच दाखव. फडात असतील तर फडात जा.

फोन उचला.


९ जानेवारी २०२६

घरी आलो. ईश्वरी हाय.

पयले हे लिवलं, म्हंजे तुमाला खाली हुडकायला नको. ती हाय, आता पायाचा अंगठा तोंडात घालून पडलीय. दवाखान्यात नाकाला नळी लावलती. तिथल्या सिस्टर मनल्या, अजून एक दिस घरी ठिवली असती तर जड गेलं असतं. तिथं भिंतीला टेकून मी बसून राहायची. शेजारच्या बायकांचे नवरे डबा घेऊन यायचे. मला एक बाई मनली, तुझं कुणी न्हाई का. मी मनले हायत, फडावर हायत.

ज्ञानेश्वरीचा फोन आला तवा कळलं. मनली, तुमी कागद वाचलात आन कोयता टाकून कालव्याकडं गेलात. त्या दिवशी जेवला न्हाईत. तुमी फोन केला न्हाई ह्याचा मला राग आल्ता. कालव्याकडं गेलात म्हणल्यावर राहिला न्हाई.

आता दवाखान्यातलं सांगते. तिसऱ्या दिवशी त्रिवेणीताई भेटायला आल्या, संत्री घेऊन. आमी व्हरांड्यात बसलो. माझ्या जिवाला राहवलंच न्हाई. मी इचारलं, "ताई, अकरातले आता किती राहिले?"

त्यांना कळंना. कोण अकरा, मनल्या. मंग मी सगळं सांगितलं. लाल लेकरं हुडकत फिरते ते, अंगणवाडीत मोजते ते, ताडकळसचं एक गेलं म्हून धा राहिले ते. बोलता बोलता त्यांचा हात संत्र्यावरच थांबला. मला वाटलं आता झापतील. त्यांनी डोळ्याला पदर लावला. मनल्या, "दैवशाला, मलाच नीट सांगता आलं न्हाई ग. मला जसं शिकवलं तसं मी सांगितलं." त्यांचा हिशोब बी माझ्याहून लय पुढं न्हवता. त्यांनी ज्यांनी तो फोन दिलाय त्या लोकांना इचारलं.

म्हून घरी आल्यावर एक साहेब आलते. सिद्धोधन नाव. साहेब म्हंजे पोरगाच हाय, तुमच्याहून लहान. पाठीवर पिशवी, बुटाला सगळा चिखल. बाजेवर बसा मनलं तर कडंला बसले, बाज उलटते का काय असं. आत्याबाईनी चहा दिला आन समोरच बसल्या. मनल्या, "तुमीच का ते लाल करणारे?"

ते मनले, मी एकटा न्हाई आजी.

मी इचारलं ती शंभर लेकरं कुटं राहत्यात. त्यांनी कपबशी खाली ठिवली. सांगितलं ते मला समजलं तसं लिवते. ती शंभर आता कुटंच बसलेली न्हाईत. ती मागली लेकरं हायत. मागच्या काई वर्सात जी झाली ती, हजारानं, ह्या जिल्ह्यातली आन आजूबाजूची. कुणाच्या मायचं वय काय व्हतं, वजन काय व्हतं, कोण ऊसतोडीला गेलं, कोण जगलं, कोण न्हाई, हे गोळा करून त्यांनी हिशोब बसवलाय. त्यातली ईश्वरीसारखी जी व्हती, त्यांच्यात शंभराला अकरा गेली. जायची ती गेली. आता ताडकळसला कुणी गेलं म्हून इथलं कमी व्हत न्हाई. आन इथलं वाचलं म्हून तिथं कुणाचं जात न्हाई.

हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं. ताईनी त्यांना सगळं सांगितलेलं दिसतंय.

मी मनले, "मंग आमच्या ईश्वरीचं काय ते सांगा."

ते खाली बगायले. मनले, "ते मला सांगता येत नाही, ताई. शंभराचं सांगता येतं. एकीचं नाही."

"मला एकच हाय," मी मनले.

आन बोलले तशी आत्याबाईनी माझ्याकडं बगितलं. फोनाला मी दोन सांगितली, आन माणसाला एक. मला कसंतरीच झालं. मी इचारलं, त्या मागल्या लेकरांची नावं असतील ना तुमच्यापाशी. ते मनले, नावं आमी काढून टाकतो. कुणाच्या घरची गोष्ट कुणाला कळू नये म्हून. हिशोबात नाव नसतं.

मी मनले आमच्या पयलीला नाव न्हवतंच. बारसं व्हायचं व्हतं.

आत्याबाई उठून आत गेल्या. भांडी वाजवायल्या उगाच.

मी इचारलं, मंग आमची पयली हाय का त्या शंभरात? तिला नाव न्हाई, तुमाला नाव लागत न्हाई. त्यांनी इचारलं जन्म कुटं झाला, कुटं लिवला व्हता का. कुटंच न्हाई, फडावरच्या कोपीत झाल्ती. ते मनले, मंग आतापर्यंत नव्हती. कुणी सांगितलंच नव्हतं. आता तुम्ही त्रिवेणीताईला सांगितलं, ते पुढच्या हिशोबात धरलं जाईल.

म्हंजे पुढच्या साली कुण्या बाईच्या लेकरापुढं आकडा येईल, त्या आकड्यात आपली असंल. त्या बाईला ठावं बी नसंल. पण तिच्या दारात ताई दर आठवड्याला जातील.

तुमी मनलात, तू सांगितलंस म्हून लाल झालं. खरं हाय, तसंच झालं. मी साहेबाला बी इचारलं, ते मनले हो, त्या एका उत्तरानंच झालं असंल. पण लाल झालं म्हून ताई यायच्या. त्या आल्या म्हून त्यांनी बरगड्या बगितल्या. मी तर सर्दी समजून व्हते, आत्याबाई ओवा भाजायल्त्या. मला भांडण जिंकायचं न्हाई. मला वाटलं पयलीनंच बलावलं ताईला.

पयलीच्या येळंला कुणी बलावायला न्हवतं. तुमी मुकादमाकडं गाडी मागायला दोनदा गेल्ता. एकदा चपला न घालता गेल्ता, मी आतून बगितलं. ह्याबद्दल मी तुमाला कवाच काई मनलं न्हाई, म्हून तुमाला वाटत असंल माझ्या मनात काईतरी हाय. काई न्हाई. तुमी दोनदा गेल्ता एवढंच हाय.

दैवशाला


४ फेब्रुवारी

ईश्वरीचा ठिपका पिवळा झाला. अर्ध वरीस पार पडलं म्हून ताईनी परत सगळं इचारलं, वजन केलं. वजन बरं भरलंय. शंभरात चार मनल्या. आत्याबाईनी गूळ वाटला, मुंजाजी मामाला बी दिला. मामाला वाटलं तुमी आलात, मनले, परमेश्वर आला का? आत्याबाई त्यांच्या कानात वरडल्या, पिवळं झालं. मामा मनले, हळद कुणाची हाय? लय दिसांनी घरात हसू झालं.

मी बी गूळ खाल्ला. पण त्या चौघांच्या मायांचं मनात आलंच. आता मी मोजीत न्हाई, तरी येतंय.

तिकडं बी दवाखान्याच्या बाया फोन घेऊन कोप्यावर येऊन गेल्या, असं ज्ञानेश्वरीनं काल सांगितलं. तिनं जसं सांगितलं तसं लिवते, खोटं असंल तर तसं सांगा.

ती मनली, सगळ्या बायांना वळीत बसवून इचारायल्त्या. लेकरं किती, हयात किती. बाया खाली बगून सांगायल्या, निम्म्या खोटंच सांगायल्या. तुमी गाडी भरून आलता, बाजूला उभं राहून पाणी प्यायलता. त्या बाईनी सहज इचारलं, दादा तुमची किती? मुकादम मनला, त्याची बायको गावी हाय, त्याला सोडा. तुमी तांब्या खाली ठिवला आन मनलात, "दोन. एक घरी हाय. एक इथंच हाय, कालव्याच्या बांधाला."

मुकादमापुढं मनलात. टोळीतले भगवानराव, राधाकिशन भाऊजी, सगळेच बसलेले असताना मनलात.

ज्ञानेश्वरी मनली, मंग तिच्या शेजारची एक बाई उठली आन त्या दवाखान्याच्या बाईला मनली, माझं मगाचं खोडा, माझी तीन झाली. तिच्यामागं दुसरी उठली. मुकादम तंबाखू मळीत तिथून निघून गेला.

हे ऐकून मी चुलीपाशी बसले आन उठलेच न्हाई. भाकर जळाली. आत्याबाईला सांगितलं, तर त्यांनी जळकीच भाकर खाल्ली, नाव ठिवलं न्हाई.

पिठाच्या डब्याखाली एक कागद व्हता, तो बी आज ताईला फोटू काढायला देते. त्यात माझं वंगाळ लिवलेलं हाय. त्या वाचतील, वाचू द्या. तुमी एवढ्या लोकांत बोललात तर माझ्याच्यानं एवढं व्हईना का. त्या ॲपेतल्या पोरीचं गाव ताईला ठावं हाय. ईश्वरीला घेऊन जावं का तिच्याकडं, का घेऊन जाऊ नये, तुमी सांगा. तिनं इचारल्तं किती म्हैन्याची, त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय.

आन एक राहिलं. ज्ञानेश्वरी मनली, त्या बाईनी तुमाला पुढं इचारलं, लेकराचं नाव काय व्हतं. आन तुमी सांगितलंत. थांबला न्हाईत, आठवायला लागलं न्हाई, लगेच सांगितलंत. पण तवाच ट्रॅक्टर चालू झाला आन तिला ऐकू आलं न्हाई.

मला ठावंच न्हवतं तुमी तिला नाव ठिवलंय. कवा ठिवलं? ती होती तवाच, का मागून बांधावर बसून? मी मनात तिला नुसती बाई मनायची.

ते लोक नाव काढून टाकत्यात, त्यांना लागत न्हाई. मला लागतंय.

आता फोन करा. राग असंल तर राग ठिवून करा. दुसरं काई बोलू नका, तेवढं नाव सांगा आन ठिवा.

दैवशाला